गाडीचा सेंट

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘सीट कव्हर, मॅटिंग, हॉर्न व डेकोरेशन’ एवढंच लिहिलेलं आहे. वासाचा उल्लेख कुठंच नाही. पण उमरग्याला हायवेच्या कडेला हे दुकान चालवताना मी जेवढं रेक्झिन कापलं, जवळपास तेवढ्याच वासाच्या तक्रारी ऐकल्या आहेत. माणूस गाडी लावतो, खाली उतरतो, इकडंतिकडं बघतो आणि आवाज बारीक करून म्हणतो, “मास्तर, जरा आत नाक घालून बघा की.” डॉक्टरपुढं सदरा वर करताना माणूस जसा अवघडतो, तसाच अवघडलेला असतो. मी नाक आत घालतो. आता ते माझं कामच झालं आहे.

मला सगळे मास्तर म्हणतात, कारण आमचा धंदा मुळात शिंप्याचा. फरक एवढाच की आमचं गिऱ्हाईक माप घेताना हलत नाही आणि दोन वर्षांनी त्याचं पोट सुटत नाही. एका मॉडेलचं माप एकदा नीट घेतलं की त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना ते चालतं. पाच माणसांच्या साध्या गाडीला चोपन्न इंची पन्ह्याचं रेक्झिन साडेसात मीटर लागतं. साडेसहा मीटरमध्ये बसवून देणारेही आहेत. ते कोपऱ्यात तुकडे जोडतात आणि जोड सीटखाली लपवतात. मी जोडत नाही. माप अर्धा इंच चुकलं तर कव्हरला सुरकुती पडते. सुरकुतीत धूळ बसते, धुळीत घाम मुरतो आणि वास तिथून सुरू होतो. म्हणून मी म्हणतो की कव्हर आणि वास हे दोन धंदे नाहीत, एकच आहे.

या धंद्यातला पहिला नियम मला मुरूम गावच्या एका शिक्षकांच्या गाडीनं शिकवला. सर माझ्याकडून एकदा मोगऱ्याची कुपी घेऊन गेले, आरशाला लटकवायची, लाकडी टोपणाची. काही दिवसांनी येऊन चंदनाची नेली. मग लिंबाची. चौथ्या वेळी आले तेव्हा त्यांच्या पत्नी गाडीतून उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी सेंट द्यायचा थांबलो आणि पाना घेऊन डावं सीट खोललं. खाली ब्लोअरच्या तोंडाशी उंदीर होता. वाळून गेलेला, आणि शेजारी त्यानं जमवलेली ज्वारी. त्या बिचाऱ्या उंदरावर मी एका फुलाचा, एका लाकडाचा आणि एका फळाचा सुगंध चढवला होता. सर ज्वारीकडं बघून म्हणाले, “आमच्याच घरची दिसतीय.”

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. वासानं वास मरत नाही. सेंट घाण वासावर जाऊन बसतो आणि मग दोन्ही बिघडतात. आधी वास कशाचा ते शोधायचं, मॅट काढून उन्हात टाकायच्या, फोमला खायचा सोडा चोळायचा, कोळशाची पुरचुंडी ठेवायची. वास गेला की मग हौस असेल तर सेंट. हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं जातात, कारण त्यांना कुपी हवी असते, काम नको असतं.

उलट तऱ्हेचे लोकही भेटले. एका गुत्तेदारांनी, म्हणजे कंत्राटदारांनी, नवी गाडी घेतली आणि सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढू दिलं नाही. नव्या गाडीचा वास उडून जाईल म्हणून. आपल्याकडच्या उन्हात ते प्लास्टिक अंगाला चिकटायचं. उतरताना असा आवाज यायचा की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. पुढं प्लास्टिक आपोआप फाटलं आणि हे माझ्याकडं नवेपणाचा वास मागायला आले. कुपीत मिळतो का म्हणून. मी त्यांना समजावलं की ज्याला तुम्ही नवेपणा म्हणता तो प्लास्टिकचा आणि सोल्युशनचा वास आहे. सोल्युशन म्हणजे आम्ही फोम चिकटवायला वापरतो ते. तो माझ्या दुकानात दिवसभर असतो. ते तिथंच रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसले, डोळे मिटून. चहा पिऊन, समाधानानं गेले. आजही येतात, काम नसलं तरी.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण ज्या वासानं माझी मती गुंग केली, तो गाडीचा नव्हता. तो मल्लिनाथअण्णांच्या बाटलीतला होता.

अण्णा कर्नाटकच्या हद्दीकडच्या एका गावचे. जमीन भरपूर, बोलणं मोजकं. त्यांची जीप मी पहिल्यापासून बघतो. सोलापूरहून नवी आणली तेव्हा पहिली कव्हरं मीच चढवली होती. नंतर त्या जीपनं कांदा वाहिला, पेंड वाहिली, शेळ्या वाहिल्या, बाळंतिणी वाहिल्या. पुढच्या डाव्या सीटचा फोम उघडा पडला तेव्हा अण्णांनी त्यावर खताचं रिकामं पोतं अंथरलं. वरून औषधफवारणीचा पंप ठेवायची ती जागा झाली. एकदा कांद्याच्या हंगामात ते माझ्याकडून न विचारता मोगऱ्याची कुपी घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी परत आले आणि कुपी काउंटरवर ठेवून म्हणाले, “कांदा येगळा परवडला. मोगरा येगळा परवडला. दोनी मिळून डोस्कं उठवायलेत.” म्हणजे माझा नियम अण्णांना ठाऊक होता, स्वतःच्या डोक्यानं शिकलेला. हे पुढं उपयोगी पडलं.

अण्णांना एकच मुलगी, भाग्यश्री. नर्सिंग शिकून हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथंच तिनं लग्न जमवलं. मुलगा जहीराबादकडचा, तेलुगू बोलणारा, किरण नावाचा. एका फार महागड्या परदेशी गाडीच्या शोरूममध्ये कामाला. ती गाडी आमच्या तालुक्यात कुणाकडं नाही. हायवेवरून क्वचित कधी एखादी हैदराबादकडं जाते, तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं बोलायची थांबतात. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी त्या गाड्या आतून-बाहेरून साफ करून तयार करणं हे किरणचं काम.

अण्णांना हे लग्न पसंत नव्हतं, पण त्यांनी मोडता घातला नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा आली तेव्हा ते स्वतः जीप घेऊन उमरग्याच्या स्टँडवर गेले. आदल्या दिवशीच जीपमधून कांदा सोलापूरला गेला होता. पुढच्या सीटवर पंप होता, तो काही त्यांनी काढला नाही. जावई मागं पोत्यांजवळ बसला. वाट निम्म्यावर आली तेव्हा त्यानं नाकाला रुमाल लावला, आणि थोड्या वेळानं गाडी थांबवायला सांगून रस्त्याच्या कडेला उलटी केली. पोराला गाडी लागली, एवढीच गोष्ट. पण अण्णा घरी गेल्यावर चार माणसांत बोलून गेले की आमच्या गाडीचा वास सोसंना शहरातल्या लोकांना. भाग्यश्रीनं ते ऐकलं. तीही त्यांचीच मुलगी. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं परत गेली, आणि येणंजाणं थांबलं. बाप-लेकीचं बोलणंही.

आता आमच्याकडची येळवस इतर भागातल्या वाचकांना सांगायला हवी. वेळ अमावस्या, थंडीतली. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग ताक-ज्वारीची आंबील, भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे घेऊन जेवायला बसायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा आणि शेतातल्या साऱ्या पालेभाज्यांची घट्ट भाजी. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. कुणाला जेवायला नको म्हणायचं नसतं. अशा दिवशी अण्णांच्या खोपीत त्यांची लेक दोन वर्षं नव्हती. गाव काही बोलत नव्हतं, पण दरवेळी आंबिलीचा पहिला गडू कुणी उचलायचा यावर काकूंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, हात थांबायचा, असं माझी बायको सुमन सांगायची. तिचं माहेर त्याच गावचं.

तिसऱ्या येळवशीच्या आधी भाग्यश्रीनं शेजारच्या घरी फोन केला. आम्ही दोघं यावं म्हणतो, अण्णांना विचारून सांगा. शेजाऱ्यानं अण्णांना सांगितलं. अण्णांनी बघू म्हटलं. त्यांच्या तोंडी बघू म्हणजे निम्मं हो असतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती बाटली आली.

गावातला एक ट्रकवाला हैदराबादहून आला, त्याच्याबरोबर जावयानं पाठवलेली. खोका ट्रकमध्ये चेपला म्हणून त्यानं तो टाकून दिला आणि नुसती बाटली अण्णांच्या हातात ठेवली. सोबत चिठ्ठी नाही. निरोप एकच, आणि तो ट्रकवाल्यानं हिंदीतून मराठीत आणला होता. “जावयानं गाडीचा सेंट धाडलाय.”

अण्णा दुपारी दुकानात आले ते बाटली उपरण्यात गुंडाळून. काउंटरवर ठेवली. काळपट काच, जड बूड आणि समोर त्या गाडीचं चिन्ह, चांदीसारखं, बोटाच्या पेराएवढं. गाडीच्या नाकावर असतं तेच.

“बघ मास्तर. गाडीचा सेंट हाय.”

मी हातात घेऊन वजन पाहिलं. चांगला माल दिसतोय म्हणालो.

“चांगलाच आसंल. आमची गाडी अजून घाण मारायलीय, ही आठवन करून द्यायला धाडलाय न्हवं.” ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. “तोंडानं म्हनले आसते तर आयकून घेतलं आसतं. बाटली धाडून सांगायची काय गरज व्हती त्यास्नी?”

जावयाचं नाव ते घेत नसत. ते आदरापोटी की रागापोटी, हे कळत नसे. मी विचारलं, येळवशीचं काय. सोमवारी ते उमरग्याच्या बाजाराला येणार होते, आणि तिथून परतल्यावर शेजाऱ्याकडून फोन करून नका येऊ म्हणून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. बाटलीचं काय करू, तर म्हणाले विकून टाक, न्हाईतर कुणाच्या तरी गाडीत वत.

मी म्हटलं, सोमवारपर्यंत राहू द्या. तपासून तरी बघतो.

माझी सेंट तपासायची रीत साधी आहे. दुकानामागं माझी जुनी व्हॅन असते. एक रेक्झिनचा तुकडा, एक कापडाचा, एक फोमचा. तिन्हीवर सेंट टाकायचा, व्हॅनच्या काचा बंद करायच्या आणि उन्हात ठेवायचं. दुपार उतरली की दार उघडून वास घ्यायचा. आपल्याकडच्या उन्हात जो टिकला तो ठेवायचा, जो उडाला तो सोलापूरला परत. या बाटलीला वरून दाबायचा फवारा होता. दाबताना थोडा माझ्या मनगटावरही उडाला. मी पुसला नाही, हातात कात्री होती.

निकाल वाईट आला. रेक्झिनवर तो नुसता वर वर राहिला, स्पिरिटसारखा. कापडाला फिकट डाग पडला. फोममध्ये तर काही राहिलंच नाही. माझ्याकडची साधी जेलची डबी याहून बरी म्हणायची. मला ते जुळेना. एवढी मोठी कंपनी, जिच्या एका गाडीच्या सीटला वापरतात ते कातडं मी जन्मात कापलेलं नाही, ती गाडीचा सेंट इतका कच्चा कसा काढेल? हिशेबात कुठंतरी चूक होती, आणि ती कंपनीची नसावी एवढं कळत होतं. माल खराब की मी खराब तपासला, हे ठरत नव्हतं.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. सुमन भाकरी वाढता वाढता थांबली. मग वाकून माझ्या हाताजवळ नाक आणलं.

“हे काय लावलंय?”

मी म्हटलं, काही नाही, गाडीचा सेंट उडालाय.

“गाडीचा असा कुठं असतोय. इतकी वर्षं सोल्युशन घेऊन घरी येताव, आज माणसागत वास यायलाय तुमचा.” आणि मग भाकरी ताटात टाकत म्हणाली, “कुनाचा हाय? इचारून ठेवा, कुठं मिळतोय ते.”

मी मनगट नाकाशी नेलं. दुपारचं स्पिरिट गेलं होतं. खाली काहीतरी वेगळंच वर आलं होतं, ऊबदार, थोडं मिऱ्यासारखं, थोडं लाकडासारखं, आणि त्याखाली चांगल्या कातड्याचा वास. रेक्झिनवर मेलेला माल माझ्या अंगावर जगला होता.

माझं जेवण लवकर झालं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बाटली उलटी केली. बुडाला मुंगीएवढी अक्षरं होती. भिंगाखाली धरली. शंभर मिली. पुरुषांसाठी. अंगावर फवारावे. विस्तवापासून दूर ठेवावे. आणि शेवटी एक ओळ: विक्रीसाठी नाही.

मी बाटली सरळ ठेवली आणि हिशेब पुन्हा मांडला. या वेळी जुळला. किरणनं हिंदीत म्हटलं असणार, गाडी का सेंट है, मामा को देना. मामा म्हणजे सासरे. गाडीचा म्हणजे त्या गाडीच्या कंपनीचा. ट्रकवाल्यानं मराठी केलं ते शब्दाला शब्द बरोबरच केलं. पण आपल्या मराठीत घरचा माणूस म्हणजे घरातला, आणि घरचा कचरा म्हणजे घरातून काढायचा. या ‘चा’मध्ये काय काय बसेल याला मोजमाप नाही. अण्णांनी जे बसवलं ते त्यांच्या मनात आधीच कापून ठेवलेलं होतं. मीही तेच बसवलं, कारण माझ्या काउंटरवर येणारा प्रत्येक सेंट गाडीसाठीच असतो.

सोमवारी अण्णा आले. मी चहा मागवला, तो येईपर्यंत पेंडीचे भाव बोललो, आणि मग बाटली पुढं सरकवली.

“अण्णा, हा गाडीसाठी न्हाई. गाडीच्या कंपनीचा हाय. माणसाच्या अंगाला लावायचा. तुमच्यासाठी पाठवलाय.”

त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मला?”

“तुम्हाला.”

त्यांनी बाटलीवरच्या चिन्हावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, झालं, सुटलं. माझा चहा संपत आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“म्हंजी आता माझ्या अंगाला वास येतोय म्हनायलेत व्हय?”

हे मी धरलंच नव्हतं. मी सगळं तपासलं होतं, फक्त ज्याला द्यायचं तो माणूस सोडून. मग नजर आरशाच्या कुप्यांच्या ओळीकडं गेली आणि मला आमचा नियम आठवला.

मी विचारलं, “अण्णा, कांदा आन् मोगरा आठवतोय?”

“त्येचं काय?”

“वास मारायचा असला तर कुणी सेंट देत न्हाई. साबण देतंय. हे तुम्हाला ठावं हाय, मला ठावं हाय, आन् ते पोरगं रोज गाड्या साफ करतंय, त्यालाबी ठावं असणारच. सेंट वास नसलेल्याला देत्यात.”

अण्णा ऐकत होते. मी बाटली उलटी करून भिंग त्यांच्या हातात दिलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. मी वाचून दाखवलं. तुम्ही विकून टाक म्हणालात, पण हा विकता येत नाही. त्यानंही विकत घेतलेला नसणार. शोरूममधून त्याच्या वाट्याला आलेला असावा. एकच आला असेल. तो त्यानं स्वतः लावला नाही.

“एकच कशावरनं?” अण्णांनी विचारलं. ते माझ्याइतकेच चिकट आहेत.

मी म्हटलं ते माहीत नाही, अंदाज आहे. पुढं भाग्यश्रीकडून कळलं की अंदाज खरा होता.

त्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं, उजव्या हाताची बाही सारली आणि मनगट काउंटरवर ठेवलं. शेतातल्या माणसाचं मनगट, भेगा पडलेलं. मी एकदाच फवारा दाबला. त्यांनी लगेच नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. “दारूगत लागतंय.” मी म्हटलं थांबा, ते उडून जाऊ द्या. पूर्वी अत्तराचा फाया कानात घातला की लगेच घमघमायचा, तसं हे नाही. हे अंगाची ऊब मागतं.

आम्ही बसून राहिलो. हायवेवरून ट्रक जात होते. एक गिऱ्हाईक हॉर्न विचारून गेलं. अण्णा मधूनच मनगट उचलायचे आणि मी मान हलवली की खाली ठेवायचे. शेवटी मी म्हटलं, आता बघा.

त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

“घुंगरमाळंचा हाय,” ते म्हणाले. “पोळ्याला बैलाला नवी घुंगरमाळ आनतो न्हवं, तिच्या कातड्याचा.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “भागी ल्हान आसताना गळ्यात घालून हिंडायची. बैलाच्या आधी तिलाच लागायची.”

हे त्या पोरीला किंवा जावयाला माहीत होतं का, मला सांगता येणार नाही. बाटली शोरूमची होती, वास कंपनीनं ठरवलेला होता. पण अण्णा तसेच बसून राहिले, मनगट नाकाजवळ धरून, आणि मी माझ्या कामाला लागलो. माणसाला अशा वेळी बघत बसू नये.

जाताना त्यांनी बाटली पुन्हा उपरण्यात गुंडाळली. फोन करणार की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी माझं एक माप चुकलं. एका गाडीचा हेडरेस्ट पाऊण इंच आखूड कापला. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

येळवस जवळ आली तेव्हा एका सकाळी जीप दुकानासमोर उभी राहिली. अण्णा उतरले, पलीकडून फिरून आले आणि पुढचं डावं दार उघडलं. पंप नव्हता. पोतंही काढलेलं होतं. नुसता उघडा फोम, मधोमध खड्डा पडलेला.

“ह्ये एक सीट करून दे.”

मी म्हटलं, सगळीच करू की, मागचीही गेलीत.

“मागची ऱ्हाऊ दे. फकस्त ह्येच. सनाच्या आधी पायजे.”

रंग कोणता, विचारलं. अण्णा जरा घुटमळले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी रंग सांगितला नव्हता, काळा असायचाच. मग म्हणाले, “त्येंच्या शोरूममधल्या गाडीत आसतोय तसला. तुला म्हाईत आसंल.”

मी त्या गाडीत कधी डोकावलेलंही नाही. पण नाही म्हटलं नाही. सोलापूरहून तपकिरी रेक्झिन मागवलं, आतून कापड असलेलं. सव्वा मीटर लागलं, दीड घेतलं, म्हणजे जोड नको. दोन इंची नवा फोम भरला. कडेला दुहेरी शिलाई मारली, मोठ्या टाक्याची, महागड्या गाड्यांना असते तशी. त्या कळकट जीपमध्ये ते एकच सीट असं दिसायला लागलं की जणू दुसऱ्या कुणाच्या गाडीतून उचलून आणलंय. आयुष्यात मी पूर्ण गाडीचे सेट पुष्कळ केले, पण ज्या कामाचा मला मनातून अभिमान आहे ते हे एक सीट.

अण्णा न्यायला आले तेव्हा मी सवयीनं विचारलं, एखादी कुपी लावून देऊ का आरशाला, माझ्याकडून.

“गाडीला कशाला?” ते म्हणाले. “सेंट मानसाचा आसतोय.”

आणि स्टेअरिंगवर बसून निघून गेले. मग मी सुमनला फोन करून सांगितलं की अण्णांचे लेक-जावई येतायत. तिनं विचारलं, कुणी सांगितलं. मी म्हटलं, अजून कुणीच नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी बाजारात भाज्यांची गर्दी होती. मी दुकान लवकर बंद करायच्या बेतात होतो. स्टँडकडून जीप आली आणि दारात थांबून हॉर्न वाजला. तो हॉर्न मीच बसवलेला आहे. बाहेर आलो. डाव्या सीटवर किरण बसला होता, अंग आखडून, पिशवी मांडीवर घेऊन, नव्या जागेवर माणूस बसतो तसा. मला बघून त्यानं हात जोडले. मग तळहात सीटच्या कडेवरून फिरवला, टाक्यांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो हात या कामातल्या माणसाचा होता. “सिलाई अच्छी है चाचा,” म्हणाला. “जोड नहीं है.”

माझ्या तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांत ही गोष्ट बघणारा तो पहिला.

मागून भाग्यश्रीचा आवाज आला. ती हरभऱ्याच्या डहाळ्या, पालेभाज्यांच्या जुड्या आणि आंबिलीच्या ताकाची बरणी यांच्या मध्ये एका पोत्यावर बसली होती.

“काका, सीट एकच का केलं? जावयाला गादी आन् मला पोतं?”

मी काही बोलायच्या आत अण्णांनी आरशातून मागं पाहिलं.

“तू घरचीच हाईस,” ते म्हणाले. “गप बस.”

ती हसली आणि तोंड बाहेर वळवून बसली. बराच वेळ बाहेरच बघत होती.

अण्णांनी मला जवळ बोलावलं. उद्या सुमनला घेऊन शेतात यायचं होतं, तेवढंच सांगायचं होतं. मी खिडकीशी वाकलो आणि सवयीनं नाक आत गेलं. मागच्या फोममध्ये जुना कांदा होता, मी जन्मभर काढला तरी जायचा नाही असा. त्यात ताक होतं, ओला हरभरा होता, डिझेल होतं. आणि स्टेअरिंगवरच्या अण्णांच्या मनगटाकडून नव्या घुंगरमाळेचा वास येत होता.

माझ्या नियमाप्रमाणं हे सगळे वास एकमेकांत मिसळून बिघडायला पाहिजे होते. मी पुन्हा एकदा वास घेतला, नीट, धंद्यातल्या माणसानं घ्यावा तसा. कुठंच काही बिघडलेलं नव्हतं.